दिवंगत कलाकारावर रॉक गायकाने केलेलं सगळ्यात हळुवार गाणं कोणतं?

तुम्ही लिहिलंय की म्हापशाच्या तुमच्या बँडला एका गेलेल्या गायकावर गाणं करायचं आहे, पण जे लिहाल ते शोकसभेतलं भाषण होऊन बसतं. मग आधी कुठलं गाणं ऐकावं? माझ्या मते एल्टन जॉनचं 'एम्प्टी गार्डन'. 1982 सालचं, 'जंप अप!' अल्बममधलं, बीटल्स या इंग्लिश बँडमधल्या जॉन लेननवर. शब्द नेहमीप्रमाणे बर्नी टॉपिनचे, चाल एल्टनची.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण ती माहीत असली की गाणं वेगळं लागतं. एल्टन बीटल्सची गाणी ऐकत वाढला आणि पुढे लेननचा जिवलग झाला. 1974 मध्ये लेननच्या एका गाण्यात त्याने पियानो वाजवला, आवाजही दिला, आणि पैज लावली: हे गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं तर तू माझ्या कार्यक्रमात मंचावर यायचं. लेननला ते अशक्यच वाटत होतं, म्हणून तो हो म्हणाला. गाणं गेलं की पहिल्या क्रमांकावर! 28 नोव्हेंबर 1974 ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लेननला पैज फेडावी लागली. दोघांनी मिळून तीन गाणी म्हटली. एवढ्या मोठ्या मैफिलीत लेनन नंतर कधी उभा राहिला नाही. पुढच्या वर्षी लेननचा मुलगा शॉन जन्मला आणि एल्टन त्याचा पाद्रिन झाला. (गोव्यात हा शब्द समजावून सांगायला नको; बाकीच्यांसाठी, पाद्रिन म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळचा धर्मपिता.) 8 डिसेंबर 1980 ला लेननला त्याच्या न्यूयॉर्कच्या इमारतीच्या दारात गोळ्या घातल्या. वय 40.

आता हे सगळं एल्टन-टॉपिन जोडीकडे होतं. पैजेचा किस्सा होता, दोस्ती होती, खून होता. दुसरा कुणी असता तर पहिल्याच कडव्यात सगळं ओतून मोकळा झाला असता. या गाण्यात 'लेनन' हे आडनाव नाही, बीटल्स नाहीत, बंदूक नाही. एक माळी आहे. तो मन लावून मशागत करायचा, पीक चांगलं यायचं, आणि एका किड्याने किती धान्याची नासाडी केली. मारेकऱ्याची गाण्यातली लायकी तेवढीच, एक कीड! मला हे फार आवडतं. ज्याला नाव कमवायचं होतं त्याला नाव द्यायचंच नाही.

पण गाणं हळुवार होतं ते या माळ्याच्या रूपकामुळे नव्हे. रूपकं कुणालाही सुचतात. कडवी नीट ऐका: तिथे माळी 'तो' आहे. तो असा होता, त्याने असं केलं. ध्रुवपदाशी येताच 'तो' संपतो आणि थेट हाक सुरू होते. दार ठोठावतोय, कुणी ओ देत नाही, आणि शेजारच्या पोराला बोलवावं तसं विचारणं: जॉनी, बाहेर खेळायला येतोस का? पस्तिशीतला, जगभर गाजलेला गायक असं विचारतो आणि ऐकणाऱ्याचा घसा दाटतो. तुमचं गाणं भाषण होतंय ते बहुधा इथेच. भाषणात गेलेला माणूस कायम 'ते' असतो, त्याला कुणी हाक मारत नाही.

खरं तर ही युक्ती आपल्याला परकी नाहीच. गणेश चवथीला घुमटावर, म्हणजे गोव्याच्या मातीच्या चर्मवाद्यावर, आरत्या म्हणताना 'येई हो विठ्ठले' आली की काय होतं आठवा. नामदेवांची ती आरती म्हणजे नुसती हाक आहे, कपाळावर आडवा हात धरून वाट बघत उभ्या राहिलेल्या माणसाची. आणि ज्ञानदेवांच्या समाधीवर याच नामदेवांच्या नावावरचे अभंग आहेत, त्यात पेंढीचा आळा सुटून गवत रानभर पांगण्याचा दाखला येतो. शेतातला दाखला एकीकडे, हाक दुसरीकडे. टॉपिनने नामदेव वाचले असतील असं मी अर्थातच म्हणत नाही, पण त्याच्या गाण्यात दोन्ही एकत्र आहेत, आणि तुम्हाला ते शिकायला इंग्लंडला जायची गरज नाही.

लेननवरची बाकीची गाणी ऐकायचीच असतील तर बीटल्समधल्याच जॉर्ज हॅरिसनचं 1981 चं 'ऑल दोज इयर्स अगो' ऐका. ड्रमवर रिंगो, मागे पॉलचा आवाज, म्हणजे उरलेले दोघे बीटल्सही त्यात आहेत, पण चाल इतकी उडती की दुःख निसटून जातं. बॉब डिलनचं 2012 चं 'रोल ऑन जॉन' मला लांबलेलं वाटतं. लेननच्याच गाण्यांचे तुकडे त्यात पेरलेत आणि ते पेरणं दिसतं. पॉल सायमनचं 'द लेट ग्रेट जॉनी एस' मात्र सोडू नका. त्यात 1954 च्या नाताळात स्वतःच्याच हातातल्या पिस्तुलाने मेलेल्या एका गायकापासून सुरुवात होऊन अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी आणि मग लेनन येतो, आणि शेवटी फिलिप ग्लासने रचलेला वाद्यांचा छोटा तुकडा, शब्दांशिवाय.

आपल्याकडे गाणाऱ्याला आदरांजली म्हणजे त्याचीच गाणी गाणं. पणजीला कला अकादमीच्या, शास्त्रीय गायिका केसरबाई केरकरांच्या नावाच्या समारोहात केसरबाईंवर रचलेलं काही ऐकायला लोक जात नाहीत, चांगलं गाणं ऐकायला जातात, आणि ते योग्यच आहे. केरीच्या या बाईंची भैरवी 1977 मध्ये व्हॉयेजर यानांतून अंतराळात गेली, त्यांना आणखी कसली आदरांजली हवी! पण तुम्हाला नवंच गाणं करायचं आहे, तर त्या गायकाची लकब उचलू नका. एल्टनने हे गाणं बीटल्ससारखं वाजवलेलं नाही, ते त्याच्या स्वतःच्या पियानोवरचं गाणं आहे. तुमच्याकडे घुमट वाजवणारा कुणी असेल तर ध्रुवपदाला तोच घ्या, ड्रम नंतर येऊ देत. (घुमट बकरीच्या कातडीचा बघा, घोरपडीच्या कातड्याला बंदी आहे.) कडव्यात त्या माणसाचं एकच काम धरा, पुरस्कार आणि जन्मगाव दोन्ही गाळा. हाक कोणत्या नावाने मारायची ते आधी ठरवा, म्हणजे त्याला तुम्ही आपसात ज्या नावाने बोलावता ते. पोस्टरवरचं नको. ते नाव चालीत बसत नसेल तर चाल बदला.