‘दरखास्त’ आणि ‘बरखास्त’ ही सख्खी भावंडे नव्हेत

ठाण्याच्या एका वाचकाचा प्रश्न असा आहे. जिल्हा ग्राहक आयोगाने सदनिकेपोटी भरलेली रक्कम व्याजासह परत करण्याचा आदेश विकासकाला दिला, मुदत उलटली, पैसे मात्र आले नाहीत. वकील आता ‘दरखास्त दाखल करू’ असे म्हणतात. दरखास्त म्हणजे विनंती, मग जिंकलेल्या माणसाने पुन्हा विनंती का करायची, आणि त्याऐवजी ‘नवी केस’ किंवा ‘निष्पादन अर्ज’ (म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज) म्हणणे अधिक योग्य नव्हे काय?

‘नवी केस’ हा शब्दप्रयोग आधी बाजूला ठेवावा. वाद संपलेला आहे, आदेश झालेला आहे आणि त्याची अंमलबजावणी तेवढी उरली आहे. तिच्यासाठी करायच्या अर्जाला मुंबई इलाख्याच्या दिवाणी न्यायालयांनी पिढ्यान्‌पिढ्या दरखास्त म्हटले. ‘रेग्युलर दरखास्त’, ‘स्पेशल दरखास्त’ हे शब्द इंग्रजी निकालपत्रांतही जसेच्या तसे येतात. सभेत मांडायची दरखास्त म्हणजे ठराव, हा अर्थ सर्वांना ठाऊक असल्याने त्यावर वेळ घालवत नाही.

याच्याही पलीकडचा, वारंवार कानावर येणारा आणि मला खरोखर खटकणारा प्रयोग म्हणजे ‘अर्ज बरखास्त झाला’. अर्ज फेटाळला जातो, नामंजूर होतो, निकाली निघतो. तो बरखास्त होत नाही. सभा बरखास्त होते, दरबार बरखास्त होतो, विधानसभा बरखास्त होते. या घोटाळ्याचे मूळ एका चुकीच्या व्युत्पत्तीत आहे. ‘खास्त’ हा एकच शब्द असून त्याला एकदा ‘दर’ आणि एकदा ‘बर’ हा उपसर्ग लागला, असे आत्मविश्वासाने सांगणारे अभ्यासक आजही भेटतात. त्यांनी फारसी लिपीत हे दोन शब्द एकदा तरी शेजारी शेजारी लिहून पाहायला हवे होते.

दरखास्तमधले क्रियापद ‘ख्वास्तन’ आहे. त्याचा अर्थ इच्छिणे, मागणे. त्यात ‘ख’नंतर ‘वाव’ हे अक्षर लिहिले जाते, पण आजच्या फारसीत ते उच्चारले जात नाही. बरखास्तमधले क्रियापद ‘खास्तन’ आहे. त्याचा अर्थ उठणे, आणि त्यात ‘वाव’ नाही. म्हणून बरखास्त म्हणजे मुळात उठून उभे राहणे: दरबार उठला, बैठक उठली. पुरावा शोधायला इराणपर्यंत जाण्याचीही गरज नाही. हिंदीत ‘दरख्वास्त’ लिहितात आणि ‘बर्खास्त’ लिहितात. एकात ‘व’ टिकला आहे, दुसऱ्यात तो कधी नव्हताच. मराठीने दोघांचेही उच्चार एकसारखे घासून गुळगुळीत केले आणि दोन परकी घराणी एकाच आडनावाने वावरू लागली. ‘ख्वाहिश’ हा शब्द दरखास्तच्या घराण्यातला, आणि आपला ‘तनखा’सुद्धा, कारण तो ‘तन-ख्वाह’ आहे.

दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 मधील आदेश 21 (येथे ‘आदेश’ म्हणजे संहितेतले एक प्रकरण), नियम 10 उघडून पाहिला तर तेथील मूळ इंग्रजी वाक्याचा आशय असा आहे की, हुकूमनामा (डिक्री) ज्याच्या बाजूने झाला त्याला तो अमलात आणण्याची ‘इच्छा’ असेल तर त्याने न्यायालयाकडे अर्ज करावा. इच्छा आणि मागणी, म्हणजे तंतोतंत ‘ख्वास्तन’. पुढे नियम 11 नुसार अर्जदाराने न्यायालयाचे साहाय्य कोणत्या मार्गाने हवे आहे तेही लिहावे लागते: जप्ती आणि विक्री, अटक, की आणखी काही. आपले न्यायालय हुकूमनामा देऊन आपणहून वसुलीला निघत नाही. जिंकलेल्याने मागावे लागते. उत्तरेकडील न्यायालयांत याच कामाला ‘इजराय’ म्हणतात. तो अरबी शब्द ‘जारी’च्या धातूतला, म्हणजे हुकूम वाहता करणे, चालवणे. उत्तरेने न्यायालयाच्या बाजूने पाहून नाव दिले, आपण मागणाऱ्याच्या बाजूने पाहून दिले, आणि माझ्या मते आपले नाव कायद्याच्या रचनेला अधिक प्रामाणिक आहे. म्हणूनच हिंदीच्या धर्तीवर आणलेला ‘निष्पादन’ मला पटत नाही. त्यात मागणारा माणूस कुठेच दिसत नाही आणि काम आपोआप होईल असा भास होतो. ‘दरखास्तदार’ या शब्दात तो माणूस ठसठशीत उभा असतो.

वाचकाच्या प्रश्नाकडे वळतो. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 हा 20 जुलै 2020 पासून अमलात आला आणि त्याच्या कलम 71 ने आयोगाचा आदेश दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे, आदेश 21 नुसारच, बजावण्याची तरतूद केली. त्यामुळे ग्राहक आयोगापुढील अंमलबजावणी अर्जाला दरखास्त म्हणणे आता केवळ सवयीचे नव्हे, कायद्यानेही सुसंगत झाले. 1986 च्या कायद्यात कलम 25 खाली जिल्हाधिकाऱ्याकडे वसुलीचा दाखला पाठवून जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली होत असे. मात्र 2003 पासूनच्या सुधारित शब्दरचनेत त्याच कलमाचा पहिला भाग केवळ ‘अंतरिम आदेशा’पुरता, म्हणजे निकालापूर्वीच्या तात्पुरत्या आदेशापुरता उरला होता; अंतिम आदेश त्यातून सुटले. ती उणीव सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2025 रोजी, पुण्याच्या एका गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात, ते कलम ‘कोणताही आदेश’ असे वाचून भरून काढली. ‘अंतरिम’ या एका विशेषणाने ग्राहकांना 2003 ते 2020 अशी सतरा वर्षे अडवले, हे शब्दांची हेळसांड करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात घ्यावे.

2019 च्या कायद्यातील कलम 72 हा वेगळा मार्ग आहे आणि त्याला दरखास्त म्हणू नये. आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षे कारावास, किंवा 25 हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा त्याखाली होऊ शकतात. त्यात शिक्षा मागितली जाते, मालमत्ता नव्हे. विकासकाने नुसते अपील दाखल केल्याने आदेशाला स्थगितीही मिळत नाही. ती वेगळी मिळवावी लागते.

तेव्हा वकिलांचा शब्द योग्य आहे. दरखास्तीत विकासकाची बँक खाती, न विकलेल्या सदनिका, जमीन यांचा जेवढा तपशील हाती असेल तेवढा द्यावा. तो नसेल तर आदेश 21, नियम 41 खाली त्यालाच आपल्या मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र देण्यास भाग पाडावे, अशी मागणी करावी.