झोपेत चालणं आणि भोवणं

‘तो देश झोपेत चालत युद्धात शिरतो आहे’ असा मथळा वाचून एकाने विचारलंय, ‘स्लीपवॉक’साठी हे मराठी चालेल का, आणि त्याला एकच शब्द आहे का?

मथळा मराठी नाही. आपल्याकडे झोपेतला माणूस गाफील असतो, बरळतो, त्याच्या डोक्यात धोंडा घातला जातो. तो युद्धात शिरत नाही. ‘नकळत युद्धाकडे ओढला जातोय’ म्हणा. काहीजण ‘डोळे मिटून’ सुचवतात, ते तर मुळीच नको. झोपेत चालणाऱ्याचे डोळे बहुधा उघडेच असतात. आमचा मावसभाऊ लहानपणी रात्री, पहिली झोप लागल्यावर तास-दीड तासाने उठायचा आणि टक्क डोळ्यांनी माजघरातल्या खांबाला फेऱ्या घालायचा. आजी दंडाला धरून त्याला अंथरुणावर आणून निजवायची. सकाळी त्याला काही म्हणजे काही आठवत नसे.

‘फेऱ्या’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. एकच शब्द हवा तर तो निद्राभ्रमण. त्यावर परिभाषावाले नाक मुरडतात : भ्रमण म्हणजे प्रवास, म्हणून ‘निद्राचलन’ म्हणा. साफ चूक! संस्कृत ‘भ्रम्’ म्हणजे गरगर फिरणंही. पृथ्वीच्या परिभ्रमणाला प्रवास म्हणतो का आपण? आणि साक्ष घरातच आहे. याच धातूतून, प्राकृताच्या वाटेने ‘म’चा ‘व’ होत, मराठीत भोवरा आला, भोवळ आली, भोवती आलं, पोरं एकमेकांना भोवंडतात ते आलं. आणि भोवणं आलं! भोवणं म्हणजे मुळात गोल फिरणं. ‘हलगर्जीपणा भोवला’ म्हणताना आपण हेच सांगत असतो की केलेलं फिरून आपल्याच अंगावर आलं. इतकी सुंदर क्रिया रोज वापरतो आणि तिच्या पोटातलं चक्र आपल्याला दिसत नाही, याची मला फार हळहळ वाटते. शिवाय त्याच धातूचा ‘भ्रम’ही आहे : पाय फिरतात तसं चित्तही फिरतं. झोपेत उठलेल्या पोराचं दोन्ही झालेलं असतं. ‘चलन’ यातलं काहीच देत नाही, उलट नोटा आठवून देतं.

बोलताना मात्र ‘तो झोपेत चालतो’ एवढंच म्हणा. आजीही तेच म्हणायची.