वाचकांचे प्रश्न : एका घरात दोन कारभारी

प्रश्न : मिरजेत आमचं तंतुवाद्यांचं काम आहे. तंबोरा तयार झाला की रेकॉर्ड करून परगावच्या गिऱ्हाइकाला पाठवतो. माइकचा आवाज वाढवून त्याचे आकडे करणारा डिजिटल प्रीअँप वेगळा आहे. त्याची कोअ‍ॅक्सियल केबल संगणकात आवाज घेणाऱ्या ऑडिओ इंटरफेसला जाते. रेकॉर्डिंगमध्ये बारीक ‘टिक’ येते. विक्रेता म्हणतो, हा जिटर (ठोका हलणं); बाहेरचं १० मेगाहर्ट्‌झचं क्लॉक (ठोका देणारं यंत्र) घ्या. ४५ हजार सांगतोय. घेऊ का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : नका घेऊ. आधी हातातलं घड्याळ बघून टिका मोजा. कशाही, कधीही पडत असतील तर केबल, सुटलेलं सोल्डर, शेजारचा फ्रीज, काहीही निघेल. पण ठरावीक अंतराने पडत असतील तर तुमच्या घरात दोन कारभारी झालेत.

गेल्या पावसाळ्यात सांगलीतल्या माझ्या टेबलावर एका भजनी मंडळाचा असाच संच आला होता. टाळ-मृदंगात कुणाला काही कळलं नव्हतं. नुसता तंबोरा लावला आणि टिक उघडी पडली, दर दोन सेकंदांना एक. प्रीअँपचं झाकण काढलं. आत नखाएवढा चकचकीत पत्र्याचा डबा असतो, तो क्रिस्टल, यंत्राला ठोका देणारा. त्यावर बायकोचा हेअर ड्रायर धरला (परवानगी नंतर घेतली). मिनिटभरात टिकांमधलं अंतर बदलायला लागलं. गार झाल्यावर पुन्हा दोन सेकंद.

प्रीअँप आणि इंटरफेस दोन्ही सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने (त्या त्या क्षणाचे आकडे) मोजतात, पण आपापल्या क्रिस्टलवर. दहा लाखांत ११ एवढा फरक म्हणजे साध्या क्रिस्टलच्या मानाने काहीच नाही. तरी सेकंदाला अर्धा नमुना जास्त येतो, दोन सेकंदांत एक अख्खा. तो ठेवायला जागा नाही, म्हणून इंटरफेस टाकून देतो. उलट कमी पडला तर आधीचाच दोनदा घेतो. लाटेला तिथे खाच पडते, तीच तुमची टिक.

उपाय फुकट आहे. प्रीअँप ‘इंटर्नल’वरच ठेवा. इंटरफेसच्या सेटिंगमध्ये क्लॉक सोर्स ‘इंटर्नल’ असेल, तो ‘एस/पीडीआयएफ’, म्हणजे केबलमधून येणारा, करा. त्या केबलमधून नमुन्यांबरोबर ठेकाही येतोच, इंटरफेसने तो धरायचा. ठोका धरल्याचा (लॉकचा) दिवा न लुकलुकता स्थिर राहिला पाहिजे. केबल ७५ ओहमची हवी. जुन्या डीव्हीडी प्लेयरची पिवळी व्हिडिओ केबल चांगली चालते, लाल-पांढरी नको.

आता जिटर. तो टिकटिक करत नाही. दोन नमुन्यांत सुमारे २२.७ मायक्रोसेकंद असतात. प्रत्येक नमुना त्या ठोक्यावर न पडता किंचित मागेपुढे झाला तर तो जिटर. त्याने मूळ स्वराच्या आजूबाजूला क्षीण, नको असलेले स्वर उमटतात. जवारी लावताना (घोडी घासून तारेला झंकार आणताना) तुम्ही मुद्दाम जे स्वर मागता, त्यातले हे नव्हेत! सोळा बिटमध्ये २० किलोहर्ट्‌झचा पूर्ण आवाजाचा स्वर आकड्याच्या अर्ध्या पायरीने चुकायला साधारण १२० पिकोसेकंदांची चूक पुरते. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. आकडा ऐकून धडकी भरते, आणि विक्रेते तोच ऐकवतात. पण स्वर दहापट खाली, २ किलोहर्ट्‌झवर आला की दहापट चूक खपते, हे सांगत नाहीत.

शिवाय जिटर बाधतो तो माइकच्या आवाजाचे आकडे होताना, किंवा आकड्यांचा परत आवाज होताना. तुमच्याकडे आकडे प्रीअँपमध्ये होतात. तिथे झालेली चूक रेकॉर्डिंगमध्ये कायमची बसते. पुढे केबलमध्ये ठोका थोडा हलला तरी आकडे शाबूत असतात. म्हणून कारभार प्रीअँपकडे द्यायचा. त्याचा क्रिस्टल आवाजाचे आकडे करणाऱ्या कन्व्हर्टरच्या शेजारीच असतो. ४४,१०० नमुन्यांसाठी नेहमीचा क्रिस्टल ११.२८९६ मेगाहर्ट्‌झचा, म्हणजे बरोबर २५६ पट. १० मेगाहर्ट्‌झला असा सरळ भागाकार नाही, मध्ये आणखी एक सर्किट घालून ठोका बनवावा लागतो. पाच-सहा यंत्रं एका तालात ठेवणाऱ्या स्टुडिओला बाहेरचं क्लॉक शोभतं. तुमच्याकडे यंत्रं दोन.

खर्च करायचाच असेल तर प्रीअँपच्या स्वस्त अडॅप्टरकडे बघा. क्रिस्टलच्या ऑसिलेटरला (त्याला हलतं ठेवणाऱ्या सर्किटला) मिळणारा पुरवठा डचमळला की ठोकाही डचमळतो. पुरवठा स्थिर ठेवणारा चांगला रेग्युलेटर आणि ऑसिलेटरच्या पुरवठ्याच्या पायाला अगदी चिकटून ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर, एवढं काम ओळखीच्या कारागिराकडून करून घ्या.

सेटिंग बदलूनही टिक राहिली, तर दोन टिकांमधले सेकंद मोजून कळवा.