पदवीनंतर १०-१२ वर्षांनी अमेरिकेतली एफई परीक्षा (फंडामेंटल्स ऑफ इंजिनिअरिंग, इंजिनिअरच्या परवान्याची पहिली पायरी) द्यायची आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर: जुन्या वह्या काढू नका. ही परीक्षा घेणाऱ्या एनसीईईएस या संस्थेच्या संकेतस्थळावरून एफई हँडबुकची (सूत्रं आणि तक्त्यांच्या पुस्तिकेची) पीडीएफ मोफत उतरवून घ्या. परीक्षेत स्क्रीनवर हेच हँडबुक मिळतं, दुसरा कुठलाही कागद नेता येत नाही. त्यामुळे पहिल्या दिवसापासून प्रत्येक उदाहरणाचं सूत्र त्यातच शोधून ते सोडवा. सूत्र पाठ असण्यापेक्षा ते कुठल्या नावाखाली सापडतं हे माहीत असणं जास्त उपयोगी.

११० प्रश्न, ५ तास २० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला तीन मिनिटंही नाहीत. निगेटिव्ह मार्किंग नाही, एकही प्रश्न कोरा सोडू नका. मधल्या सुट्टीआधी पहिला भाग जमा होतो, मग मागे जाता येत नाही.

आधी गणित, स्टॅटिक्स (स्थिर वस्तूंवरच्या बलांचा अभ्यास) आणि इंजिनिअरिंग इकॉनॉमिक्स घ्या. इकॉनॉमिक्स लवकर आठवतं: दरवर्षी २००० डॉलर, ५ वर्षं, १० टक्के व्याज, हँडबुकच्या तक्त्यात गुणक ३.७९०८, म्हणून आजची किंमत सुमारे ७५८२ डॉलर.

बरेच जण अडकतात ते एककांत. पौंड-वस्तुमान आणि पौंड-बल यांची गल्लत झाली, ३२.२ ने (गुरुत्वत्वरण, फूट-सेकंदांत) भागायचं राहिलं, की उत्तर बत्तीस पट चुकतं, आणि तेच पर्यायांत दिसलं की खात्रीही वाटते! म्हणून सराव अमेरिकी (फूट-पौंड) आणि मेट्रिक अशा दोन्ही पद्धतींत करा.

कॅल्क्युलेटर फक्त मान्य यादीतलाच, उदा. टीआय-३६एक्स किंवा कॅसिओ एफएक्स-९९१. तो आजच घ्या आणि मॅट्रिक्स, समीकरणं त्यावरच सोडवा. नोकरी सांभाळून तीन-चार महिने धरा.