बुंधा, खुंट आणि फुटवा

प्रश्न असा: तोडीनंतर पुन्हा वाढलेल्या जंगलात जुन्या झाडाचा जो भाग जमिनीत उरतो, त्याला ‘बुंधा’ म्हणावे की ‘खुंट’? आणि त्यातून वाढलेल्या झाडाला ‘खोडवा’ चालेल का?

तोडलेल्याला खुंटच. बुंधा उभ्या झाडाचा, मग ते हिरवे असो वा वठलेले. झाड कापले की ओंडका जातो, खुंट राहतो. वाऱ्याने मोडलेल्याला मी ‘मोडका बुंधा’ म्हणेन, कारण तोडीच्या खुणा शोधताना हा भेद उपयोगी पडतो. मोडक्याचा माथा चिरफाळलेला असतो. खुंटाचा बराचसा सपाट: झाड पाडायच्या बाजूला कुऱ्हाडीची खाच, विरुद्ध बाजूने करवतीचा काप आणि दोहोंच्या मध्ये न कापता ओढून तुटलेल्या तंतूंची अरुंद पट्टी. माथा कुजला की हे सगळे पुसले जाते.

अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर खुंटांच्या कडेलाही खाचा दिसतात. तिथले लाकूडतोडे बुडाचा फुगीर भाग टाळून वर कापत. त्यासाठी बुंध्यात खाचा पाडून फळ्या खोचायच्या आणि त्यांवर उभे राहून करवत ओढायची. रेड सीडर या तिथल्या झाडाचे लाकूड सहजी कुजत नाही, म्हणून शंभर वर्षांनंतरही या खाचा ओळखू येतात. अशा खुंटावर बी रुजून हेमलॉक हे दुसरे झाडही वाढते, मुळे खुंटाला कवटाळून जमिनीत उतरतात. ते मात्र रोप, फुटवा नव्हे.

‘खोडवा’ उसाकडेच राहू द्यावा. तो तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून येणाऱ्या सबंध पिकाला म्हणतात. खुंटाच्या जिवंत सालीतून येतो तो फुटवा. वनखात्यातला शब्द ‘कॉपिस’. साग चांगला फुटतो. सूचिपर्णी बहुधा फुटत नाहीत, रेडवूड हा ठळक अपवाद. एकाच बुडातून दोन-चार खोडे, तीही तळाशी बाकदार, ही फुटव्यांची ओळख. खुंट उंच राखला तर वरच्या फुटव्यांचा जोड कच्चा राहतो आणि खुंटाची कुज त्यांच्या बुडात शिरते; म्हणून तोड जमिनीलगत करतात.

पण जोडखोडे दिसली म्हणजे तोड झालीच, असे लिहू नये. वणव्याने किंवा गुरांनी शेंडा खाल्ल्यानेही झाड असेच फुटते. सोबत कापाचा माथा सापडला, तरच ‘खुंट’ लिहावे.