निघण्यापूर्वी मुखत्यारपत्र: एकच सर्वाधिकाराचे नको, कामापुरती वेगवेगळी करा

तुमच्या प्रश्नाचा मथितार्थ असा: दोन महिन्यांनी नोकरीसाठी कॅनडात, ऑन्टॅरिओला जायचे आहे. राहता फ्लॅट भाड्याने द्यायचा आहे, बिल्डरकडे नोंदवलेल्या दुसऱ्या फ्लॅटचा ताबा पुढच्या वर्षी मिळेल, आई-वडील महाराष्ट्रातच राहणार आहेत. या सगळ्यासाठी धाकट्या भावाच्या नावे एकच कुलमुखत्यारपत्र (आपल्या वतीने सगळे व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद) करावे का, आणि निघण्याची घाई असल्याने ते तिकडे पोहोचल्यावर केले तर चालेल का?

आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण त्याला मुदत आहे. इथे कॅनडात आल्यावर करता येते, पण निघण्याआधी करा. नोंदणी अधिनियम 1908 च्या कलम 33 प्रमाणे, लिहून देणारा भारतात राहत असेल तर दस्त नोंदणीच्या कामासाठीचे मुखत्यारपत्र तो जिथे राहतो तिथल्या दुय्यम निबंधकासमोर (सब-रजिस्ट्रारसमोर) सही करून प्रमाणित करून घ्यावे लागते. नुसते नोटरीकडचे या कामाला चालत नाही. भारताबाहेर राहत असेल तर नोटरी, न्यायाधीश किंवा भारतीय वकिलातीचा अधिकारी यांच्यासमोर केलेले चालते. आज तुम्ही पहिल्या गटात आहात, म्हणजे अर्ध्या दिवसाचे काम. विमानात बसलात की दुसऱ्या गटात. मग वकिलातीची वेळ घ्या, नाहीतर स्थानिक नोटरी करून अपोस्टिल (कागद दुसऱ्या देशात ग्राह्य धरला जावा म्हणून मिळणारे सरकारी प्रमाणपत्र) घ्या, मूळ कागद कुरियरने पाठवा आणि तो भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरा. हे तीन महिने लोक हमखास विसरतात आणि मग दंड भरत बसतात. कॅनडा 11 जानेवारी 2024 पासून अपोस्टिल करारात आला, भारत 2005 पासूनच आहे, त्यामुळे पूर्वीपेक्षा हा मार्ग सोपा झाला आहे. तरीही ज्या कार्यालयात कागद दाखवायचा तिथला कारकून तो ओळखेल का, ही धाकधूक राहतेच. दुय्यम निबंधकाचा शिक्का असलेल्या कागदाला कुणी प्रश्न विचारत नाही.

आता पहिला प्रश्न. एकच सर्वाधिकाराचे कुलमुखत्यारपत्र करू नका. भाऊ सख्खा आहे, विश्वासाचा आहे, हे मी मान्य करूनच सांगतो. मुखत्याराने अधिकाराच्या मर्यादेत केलेली सही कायद्याने तुमचीच सही असते. त्यात 'विकणे, गहाण ठेवणे, बक्षीस देणे, कर्ज काढणे' हे शब्द असतील, तर भावावर कुणी दबाव आणला किंवा कागद चुकीच्या हाती पडला तरी तुम्ही हजारो मैलांवर असता. शिवाय पंधरा पानी सर्वाधिकाराचा कागद पाहून बँका आणि सोसायट्या बिचकतात. एका कामाचे दोन पानी विशेष मुखत्यारपत्र दाखवले की काम लवकर होते, आणि त्या कागदात काय नाही हे भावालाही स्वच्छ कळते. त्यालाही ते सोयीचे आहे, उद्या कुणी बोट दाखवायला नको.

तुमच्या बाबतीत मी असे विभागले असते. राहत्या फ्लॅटसाठी एक: लिव्ह अँड लायसन्सचा करार करणे, त्याची नोंदणी करणे, भाडे आणि अनामत घेणे, ती तुमच्या खात्यात भरणे, सोसायटीचे शुल्क, मालमत्ता कर आणि वीजबिल भरणे, दुरुस्ती करून घेणे, मुदत संपल्यावर ताबा परत घेणे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 च्या कलम 55 प्रमाणे हा करार लेखी आणि नोंदलेला असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे, म्हणून 'नोंदणीसाठी हजर राहणे व कबुलीजबाब देणे' (म्हणजे दस्त करून दिल्याचे निबंधकासमोर मान्य करणे) हे शब्द त्यात हवेतच. विक्रीचा उल्लेखही नको. 'वरील अधिकारांत विक्री, गहाण किंवा हस्तांतरणाचा अधिकार येत नाही' असे एक वाक्य उलट मुद्दाम घाला.

नव्या फ्लॅटसाठी दुसरे: ताबा घेणे, पाहणी करणे, उणिवा लेखी कळवणे, राहिलेले हप्ते भरणे, सोसायटी स्थापन होताना सभासदत्वाच्या अर्जावर सही करणे. बिल्डरबरोबरचा करार अजून नोंदायचा असेल तर एक मार्ग आहे, तो फार थोडे लोक वापरतात. करारावर सही तुम्ही स्वतः करा आणि भावाला फक्त तो दस्त दुय्यम निबंधकासमोर सादर करून तुमच्या वतीने कबुलीजबाब देण्याचा अधिकार द्या. असा अधिकार दिल्याने एक अक्षरही बदलण्याची मुभा मिळत नाही. सहीपासून चार महिन्यांत दस्त सादर करायचा असतो. सही परदेशात केली असेल तर कागद भारतात आल्यापासून चार महिने धरतात.

बँकेसाठी माझे मत थोडे वेगळे आहे. बहुतेक बँका स्वतःचाच नमुना मागतात, तेव्हा वकिलाकडून सुंदर मसुदा करून घेण्यात पैसे घालवू नका. शाखेत दोघांनी जाऊन त्यांचाच फॉर्म भरा आणि भावाच्या सहीचा नमुना तिथेच नोंदवा. तुम्ही अनिवासी झालात की नेहमीचे बचत खाते एनआरओ (अनिवासी माणसाचे भारतातल्या उत्पन्नासाठीचे खाते) करून घ्यावे लागते, भाडे त्यातच येईल. एनआरई खात्यावर (परदेशातली कमाई भारतात ठेवण्याचे खाते) मुखत्याराला फार मर्यादित मुभा असते: तुमच्या वतीने देशातली देणी देणे आणि पैसे परत पाठवायचे तर ते तुम्हालाच पाठवणे. तो तुमच्यासाठी एनआरई खाते उघडू शकत नाही आणि त्यातून कुणाला भेट म्हणून रक्कमही देऊ शकत नाही. माझ्या मते हे बंधन चांगलेच आहे.

मुद्रांक शुल्काबद्दल. महाराष्ट्रात बहुतेक विशेष मुखत्यारपत्रांना 500 रुपये लागतात. विक्रीचा अधिकार मात्र नातेवाईक नसलेल्या माणसाला दिला, तर खरेदीखताइतके शुल्क लागते. आई-वडील, भाऊ-बहीण, पती-पत्नी, मुले अशा जवळच्या नात्यात मोबदला न घेता दिला तर 500 रुपयेच. मित्राला विक्रीचे अधिकार देऊन ठेवणाऱ्यांना हा फरक ऐनवेळी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात कळतो. कधी खरेच विकायची वेळ आली तर त्या एका व्यवहारापुरते, खरेदीदाराचे नाव आणि किंमत घालून, तेव्हाच नवे मुखत्यारपत्र पाठवा. आणि कुणी 'मुखत्यारपत्र करून द्या, तीच विक्री समजू' म्हणाला तर सरळ नकार द्या. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्प खटल्यात स्पष्ट सांगितले आहे की मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, त्यासाठी नोंदलेले खरेदीखतच लागते.

प्रमाणीकरण (निबंधकाने तुमच्या सहीची खात्री करून शिक्का देणे) आणि नोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शक्य असेल तर नोंदणी करा, कारण मग पूर्ण दस्ताची प्रत कार्यालयात राहते आणि मूळ कागद हरवला तरी तुम्हाला प्रमाणित प्रत मिळते. लिहून देणारा आणि लिहून घेणारा दोघांचे फोटो, अंगठे आणि सह्या, दोन साक्षीदार, आधार आणि पॅन असे सगळे बरोबर न्या. पासपोर्टवरचे नाव, सातबारा किंवा इंडेक्स दोनवरचे (नोंदलेल्या दस्ताच्या सरकारी गोषवाऱ्यावरचे) नाव आणि आधारवरचे नाव यांत फरक असेल तर 'उर्फ' लावून दोन्ही नावे मसुद्यातच घ्या. नावातल्या एका अक्षरामुळे अडलेली कामे मी इथे ऑन्टॅरिओत बसून पाहिली आहेत, आणि परदेशातून ती निस्तरणे फार त्रासाचे असते.

मसुद्यात आणखी तीन गोष्टी पाहा. मुदत: मी दोन किंवा तीन वर्षे लिहिली असती, बेमुदत नाही. दुसऱ्याला अधिकार देणे: 'मुखत्याराला पुढे दुसरा मुखत्यार नेमता येईल' हे वाक्य छापील नमुन्यांत असतेच, ते काढायला लावा. हिशेब: मुखत्याराने हिशेब द्यायचा हे भारतीय करार अधिनियम 1872 मध्ये आहेच, तरी 'दर तीन महिन्यांनी' असे लिहा. भावाला वाईट वाटणार नाही, दोघांनी मिळून ठरवले की ते एक साधे काम होते.

मुखत्यारपत्राने काय होत नाही हेही आताच माहीत असू द्या. तुमच्या वतीने मृत्युपत्र करता येत नाही. खटल्यात तुमच्या स्वतःच्या माहितीतल्या गोष्टींची साक्ष मुखत्यार देऊ शकत नाही. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे सर्वसाधारण सभेला मुखत्याराला बसता येत नाही. त्यासाठी भावाला सहयोगी सभासद करण्याचा विचार करा. आणि अनिवासी माणसाला शेतजमीन विकत घेता येत नाही, ती मुखत्यारामार्फतही घेता येत नाही.

आता आई-वडील. तुम्ही हे शेवटी एका ओळीत लिहिले आहे, मला मात्र हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तुम्ही विचारता की त्यांनी तुमच्या किंवा भावाच्या नावे मुखत्यारपत्र करावे का. जरूर करावे, पण ते किती पुरेल हे समजून घ्या. करार अधिनियमाच्या कलम 201 प्रमाणे लिहून देणाऱ्याचा मृत्यू झाला किंवा त्याची बुद्धी शाबूत राहिली नाही, की मुखत्यारपत्र संपते. म्हणजे वडिलांना स्मृतिभ्रंश झाला किंवा आई कोमात गेली, तर नेमक्या त्याच दिवसापासून तो कागद निरुपयोगी होतो. महाराष्ट्रात मुखत्यारामार्फत दस्त नोंदवताना लिहून देणारा हयात आहे आणि अधिकार रद्द झालेला नाही, असे घोषणापत्र मुखत्याराकडून घेतात, तिथे खोटे लिहिले तर तो गुन्हा ठरतो. अशा वेळी पालक म्हणून नेमणुकीसाठी उच्च न्यायालयात जावे लागते. त्यात महिने जातात आणि रुग्णालयाची बिले थांबत नाहीत. म्हणून आई-वडील ठणठणीत असतानाच त्यांची बँक खाती दोघांच्या नावे आणि 'दोघांपैकी कुणीही' अशा सूचनेची करून घ्या, एका खात्यावर भावाचेही नाव लावा, सगळीकडे नामनिर्देशन भरा आणि दोघांनी आपापले मृत्युपत्र करावे असे त्यांच्याशी बोला. हे बोलणे जड जाते. तरी निघण्याआधी, समोरासमोर बसून करा. व्हिडिओ कॉलवर हा विषय काढला तर त्यांना वेगळेच काही वाटते.

इथली, म्हणजे ऑन्टॅरिओची, बाजूही ध्यानात ठेवा, कारण गोंधळ इथेच होतो. ऑन्टॅरिओत 1992 च्या कायद्याने मालमत्तेचे असे मुखत्यारपत्र करता येते जे माणूस अक्षम झाल्यावरही चालू राहते. इथल्या सहकाऱ्यांकडून हे ऐकून लोकांना वाटते, भारतातलेही तसेच असेल. तसे नाही. दुसरे म्हणजे, इथे स्थिरावल्यावर तुम्ही मृत्युपत्राबरोबर असे मुखत्यारपत्र कराल, तेव्हा नेहमीच्या मसुद्यांत 'यापूर्वीची मालमत्तेची मुखत्यारपत्रे रद्द' असे वाक्य असते. वकिलाला सांगून त्यात 'भारतातील मालमत्तेसाठी केलेली वगळून' असे घालून घ्या. नाहीतर भावाच्या हातातल्या कागदाबद्दल विनाकारण वाद उभा राहील.

रद्द कसे करायचे, हेही विचारले आहे. रद्दपत्र करून ते त्याच कार्यालयात नोंदवा, भावाला लेखी कळवा, आणि जिथे जिथे मूळ पत्र दाखवले होते त्या बँकेला, सोसायटीला, बिल्डरला वेगळी पत्रे पाठवून पोच घ्या. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. हे सगळे यासाठी की तिऱ्हाईत माणसाला रद्द झाल्याचे कळेपर्यंत त्याच्या दृष्टीने जुना अधिकार चालूच असतो. काम संपल्यावर किंवा मुदत उलटल्यावर मूळ कागद भावाकडून परत घ्या. तोवर तो कुठे कुठे दाखवला याची यादी त्याच्याकडे आणि तुमच्याकडे, दोन्हीकडे असू द्या.