पुराच्या वेळी मदतीसाठी वेबसाइट बनवायची आहे, आम्ही पाच वेब डेव्हलपर आहोत. सुरुवात कुठून करावी?

प्रश्न कोल्हापूर-सांगलीच्या पुराबद्दल आहे आणि 'दोन रात्रींत साइट उभी करू' असं तुम्ही लिहिलंय. साइट होईलही. पण तिच्यावर आलेली मदतीची नोंद पुढे कोण उचलणार, हे ठरल्याशिवाय डोमेनसुद्धा घेऊ नका.

ऑगस्ट २०१८च्या महापुरात केरळरेस्क्यू ही साइट स्वयंसेवकांनी जँगोमध्ये (पायथनचं वेब फ्रेमवर्क) लिहिली, कोड गिटहबवर (कोड ठेवण्याची साइट) खुला ठेवला. ती उपयोगी पडली ती जँगोमुळे नव्हे, राज्याचं आयटी मिशन सोबत होतं म्हणून. तुमच्यासाठी ते दार म्हणजे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्ष (फोन १०७७). पावसाळ्याआधी तिथे जा आणि यादी कुठल्या रूपात हवी ते विचारा. बहुधा 'एक्सेलमध्ये द्या' असंच सांगतील. मग सीएसव्ही (एक्सेलमध्ये उघडणारी साधी मजकूर-फाइल) यूटीएफ-८ या अक्षर-संकेतात, सुरुवातीला बॉम (तो संकेत ओळखू देणारी खूण) घालून काढा, नाहीतर एक्सेलमध्ये मराठी नावांचा चोथा होतो. फोनचे ९१ धरून १२ आकडे असतील तर एक्सेल त्यांचं '९.२ई+११' असं काहीतरी करून टाकतं, म्हणून शेवटचे १० आकडेच ठेवा. देवनागरी आकडे, मोकळ्या जागा, पुढचा शून्य हे सगळं सर्व्हरवर साफ करा. दुबार नोंदी पकडायला हाच नंबर लागतो, कारण एकाच घरासाठी पुण्या-मुंबईतले चार नातेवाईक फॉर्म भरतात.

त्यामुळे फॉर्मचा पहिला प्रश्न हवा: 'तुम्ही स्वतः अडकला आहात, की दुसऱ्यासाठी भरताय?' दुसऱ्यासाठी असेल तर 'माझं लोकेशन' बटण दाखवूच नका. नाहीतर बोट हडपसरला पाठवावी लागेल! स्वतः अडकलेल्याचं लोकेशन घेताना ब्राउझर अचूकतेचा मीटरमधला आकडाही देतो, तोही साठवा. ३००० मीटर आला तर तो मोबाइल टॉवरचा अंदाज आहे, घर नव्हे. हे बटण एचटीटीपीएसशिवाय चालत नाही.

लीफलेट (नकाशा दाखवणारी लायब्ररी) आधी अक्षांश मागतं, जिओजेसन (नकाशाच्या माहितीचा फाइल-प्रकार) आधी रेखांश. कोल्हापूरचे १६.७ आणि ७४.२ उलटे पडले तर खूण थेट नॉर्वेच्या उत्तरेच्या समुद्रात जाते. ही चूक निदान लगेच दिसते. गावाच्या नावाची चूक दिसत नाही: शिरोली पुलाची हातकणंगलेत, शिरोली दुमाला करवीरमध्ये, आणि शिरोळ हा तर वेगळाच तालुका. गाव टाइप करू देऊ नका. आधी तालुका, मग गाव, अशी निवड द्या आणि मागे सरकारच्या स्थानिक शासन निर्देशिकेतला गावाचा कोड ठेवा. 'जवळची खूण' मात्र मोकळी ठेवा. बोटवाल्याला देऊळ आणि दूध डेअरीच कळते.

कमजोर नेटवर्कवरही उघडावं म्हणून पान ५० केबीच्या आत बसवा. वेगळा फॉन्ट नको, रिअ‍ॅक्टसारखी जड जावास्क्रिप्ट लायब्ररीही नको, साधा एचटीएमएल फॉर्म पुरतो. नकाशा फक्त स्वयंसेवकांच्या पानावर ठेवा. ओपनस्ट्रीटमॅपचे नकाशाचे तुकडे पुरवणारे फुकट टाइल सर्व्हर एवढा भार घेत नाहीत, ब्लॉक करतात.

खरं काम पडताळणीचं. पाचातले दोघे कोडवर ठेवा, तिघे फोनवर, आणि फोनसाठी अजून माणसं जमवा. प्रत्येक नोंदीला नवीन, फोन केला, कक्षाकडे दिली, सुटका झाली, दुबार अशी एक स्थिती हवी. ती कोणी, कधी बदलली हेही हवं. वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळ) साठवा, पण दाखवताना '४० मिनिटांपूर्वी' असं दाखवा; साडेपाच तासांच्या फरकाने गोंधळ होतो. काम गूगल शीटवर करणार असाल तर थेट सॉर्ट करायला सगळ्यांना बंदी घाला, फिल्टर व्ह्यू (क्रम फक्त स्वतःपुरता बदलणारी सोय) वापरा. एकाने सॉर्ट केलं की दुसऱ्याच्या ओळी हातातून निसटतात.

लोकांचे फोन आणि पत्ते जाहीर यादीत टाकू नका. एकट्या म्हाताऱ्या बाईंचा पत्ता जगाला कशाला? पैसे तर गोळाच करू नका. तुमच्या पानाची नक्कल करून कोणीतरी स्वतःचा क्यूआर कोड लावेल.

तालीम मे महिन्यात करा, ५० खोट्या नोंदी टाकून. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीला आली की फॉर्म सुरू झालेला हवा. ४३ फुटांना, म्हणजे धोका पातळीला, कोड लिहायला बसू नका. पाणी ओसरल्यावर फॉर्म बंद करून त्याच पत्त्यावर 'हा फॉर्म अमुक तारखेला बंद झाला, १०७७ किंवा ११२ला फोन करा' असं पान ठेवा. जुनी लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर पुढच्या पुरातही फिरते.